उण्याच्या जागी अधिक

आमच्या ज्युनिअर कॉलेजातल्या गणिताच्या सरांना सगळे शून्यसर म्हणायचे, तेही तोंडावर, आणि त्यांना त्याचा कोण आनंद! फळ्यावर बहुपदी लिहिली, की हात झटकून म्हणायचे, "शोधा. माझ्या गणितात शून्य असतंच. मीच दडवलेलं असतं."

शोधायची रीत त्यांनी घोटून घेतली होती. शेवटच्या संख्येचे विभाजक वर, पहिल्या सहगुणकाचे खाली. प्रत्येक अपूर्णांक एकदा अधिक, एकदा उणे. झाली शक्य शून्यांची यादी. मग x च्या जागी एकेक घालून बघायचं, उत्तर शून्य येतंय का. कुणी मध्येच पेन ठेवलं, की करवादायचे, "अर्धी विहीर खणून पाणी लागतं का?"

मुंबईच्या गणित शिबिराला कॉलेजातून एकालाच जायला मिळणार होतं. मला जायचंच होतं. निवडीचा पेपर सरांनीच काढला. पहिलाच प्रश्न: 2x³ − 3x² − 8x + 3. आठ शक्यता. आठही घातल्या, शून्य काही येईना. सरांचं गणित चुकेल कसं? चुकत असणार मीच! पुन्हा घातल्या, पुन्हा खोडल्या. घंटा झाली तेव्हा बाकीचा पेपर कोरा. शहाण्या पोरांनी तो प्रश्न केव्हाच सोडला होता. शिबिराला दुसऱ्याचं नाव गेलं आणि मला घरात मान वर करवेना.

एका संध्याकाळी सर काशीदला आमच्या दारात उभे. "शेवटी उणे तीन हवं होतं. मी अधिक लिहिलं," म्हणाले आणि चक्क माझ्यापुढे हात जोडले.

बाबा शरमेनं अर्धे झाले. "सर, असं नका करू. पोर हाय ती."

"चिन्ह कुणाचंही चुकतं हो. पण शक्य म्हणजे असेलच असं नाही, हे मी कधी शिकवलंच नाही. हिनं माझ्यावर विश्वास ठेवला, त्याची शिक्षा हिला."

धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं मला.

पुढे वर्गात ते "असेल तर सापडेल" एवढंच म्हणायला लागले. पोरं हसायची. मला हसू यायचं नाही.

त्यांच्या निवृत्तीच्या समारंभाला मी मुंबईहून आले. पाया पडायला वाकले, तर सरांनी पाय खुर्चीखाली ओढून घेतले. "तू नको गं. मला लाज वाटते." मला मांडव्याहून मुंबईची शेवटची बोट गाठायची होती. नुसती हसले आणि निघाले. 'सर, मी ते कधीच विसरले,' एवढंसुद्धा बोलले नाही.

परवा सर गेले. अंगणात ठेवलं होतं, तिथे जाऊन मी त्यांचे पाय धरले. या खेपेला त्यांना ते मागे घेता आले नाहीत. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.