रास तनुऱ्यातला धुराचा टॅक्स

सांगतो, पण मध्ये कोणी चुकचुकायचं नाही! तुम्हाला चहाबरोबर किस्से लागतात आणि घसा माझा सुकतो. कुवेतच्या लढाईच्या दिवसांत, सौदीत रास तनुऱ्याच्या तेल रिफायनरीच्या कॅम्पात दुसरी करमणूक नव्हती. किस्से साठत गेले, भिंतीला काजळी धरते तसे.

*

आमच्या बराकीत सगळी रत्नागिरी-रायगडची माणसं. वसंत घाग आमचा फोरमन. त्याला एका स्वीडनच्या इंजिनियरने सांगितलं, आमच्याकडे आता धुरावर टॅक्स आहे.

"श्वास सोडला तरी टॅक्स?" मी विचारलं.

"नाही हो मेस्त्री! कोळसा, तेल, गॅसवर. ज्यात कार्बन जास्त, त्याला टॅक्स जास्त. घरोघरी वसुली नाही, माल देशात शिरतो तिथेच घ्यायचा. मग भाव चढतो, माणूस आपणहून कमी जाळतो."

"आणि सरकार गबर!"

"लोकांना सारखा वाटून परत देता येतो. कमी जाळणारा फायद्यात!"

"जगाने कमी जाळलं तर आपला इकामा, इथे राहायचा परवाना, कोण रिन्यू करणार?"



*

युसूफचाचांना दमा. इकाम्याची मेडिकल जवळ आलेली. फेल झाले तर कफील, म्हणजे अरब मालक, घरी पाठवणार, आणि गावी मुलीचं लग्न ठरलेलं. त्यात विषारी गॅसच्या हल्ल्याच्या भीतीने खिडक्या टेप लावून बंद आणि आत पाच चुली! रत्नागिरीवाल्याला रायगडचं कालवण चालत नाही ना!

घाग म्हणाला, "आपणच लावू टॅक्स."

गेटातून कोळशाची गोणी आणली, तर तीन दिवस सगळ्या बराकीची भांडी घासायची. रॉकेलला दोन, गॅसला एक. चाचा मेसचे खबूस, त्या अरबी रोट्या, खायचे, काहीच जाळायचे नाहीत. त्यांची थाळी फुकटात चकचकीत!

*

पारकर कोळशावर बांगडे भाजून बराकीत विकायचा. भांडी घासून वैतागला आणि म्हणाला, "माझा बांगडा खायचा, तर माझ्या वाटची भांडी घासायची!"

टॅक्स गेला गिऱ्हाइकावर! गिऱ्हाईक पळालं, पारकर गॅसवर आला. शेवटी भांडी वाचवायला सगळ्यांची मिळून एकच शेगडी, एकच कालवण. "नारळ कमी पडला," म्हणायचे रायगडवाले, आणि दोनदा वाढून घ्यायचे!

*

मोहितेने इलेक्ट्रिक कॉइल आणली. "धूर कुठाय? मग टॅक्स कसला?"

चाचा खोकत हसले. "अरे बाबा, वीज काय हुफूफच्या खजुराला लागते? पॉवरहाऊसात तेलच जळतं!"

मोहिते गेला भांड्यांवर!

*

मेडिकल दोन दिवसांवर असताना संध्याकाळी सायरन झाला. थंडी कडाक्याची. सगळे मास्क लावून आत. जरा वेळाने चाचांनी मास्क उपटून फेकला. ओठ निळे.

मी कोपऱ्यातल्या खाटेखाली वाकून बघितलं. घमेल्यात कोळसा पेटलेला! गेटावर न दाखवता कुंपणावरून आणलेला. खाट कोणाची? घागची!

मी टेप फाडून खिडकी उघडली.

घाग मास्कमधून ओरडला, "खुनी! सगळ्यांना मारशील!"

बाहेर विषारी गॅस होता की नव्हता, मला काय ठाऊक? चाचांचं डोकं खिडकीबाहेर धरून उभा राहिलो. त्यांनी श्वास ओढला. म्हणाले, "मेस्त्री, बंद नका करू."

मेडिकलला डॉक्टरने शिक्का मारला, फिट!

मुलीच्या लग्नाला आम्ही सगळे चाचांच्या गावी जेवलो. घाग माझ्या शेजारीच बसला होता. बिर्याणी मागून घेतली, वर रायतं मागून घेतलं. माफी तेवढी नाही मागितली, वसंत घागने!