हार्मोनियम घेऊन मनोरीला

मनोरीला जायचं ठरलंच, तर मालाडहून मार्व्याची बस धरा, धक्क्यावरून होडीने पलीकडे जा, आणि सामान कमी ठेवा. ऐंशीच्या दशकात बाबा आणि मी गेलो तेव्हा आमच्याकडे एक हार्मोनियम होती, आणि तिच्यात माश्यांचं बिऱ्हाड होतं.

बाबा बोरिवलीत चाळीच्या भजनी मंडळाची पेटी वाजवत. त्यांची गिरणी बंद पडली, तशी वर्षभर भजनंही बंद राहिली आणि त्यांनी ती उघडलीच नाही. मग एका शनिवारी भाता दाबला, तर सुराऐवजी माश्या बाहेर आल्या. डासाएवढ्या, काळ्या, डंख नसलेल्या मधमाश्या. आमच्याकडे त्यांना पोया म्हणतात. मंडळाने रॉकेल ओतायचं ठरवलं. बाबांनी पेटी खाटेखाली ओढली.

त्याच दिवशी मनोरीहून आत्या आली होती, संध्याकाळी परतणार होती. तिच्या वाडीतली आंब्याची पाच झाडं दरवर्षी मोहरत, पण फळ धरत नव्हतं. "पूर्वी ढोलीत पोया होत्या, तेव्हा धरायचे रे," ती म्हणाली. "ह्यांनी ढोल्या सिमेंटने बुजवल्या. आता सोमवारी लाकूडतोडे येतायत."

बाबांनी खाटेखाली पाहिलं.

रविवारी उजाडायच्या आत, माश्या आपल्या बिऱ्हाडात असताना, आम्ही पेटीच्या भोकात कापूस कोंबला आणि निघालो. मार्व्याच्या बसमध्ये कंडक्टरने विचारलं, "काय आहे आत?"

बाबांना खोटं बोलता येत नसे. "माश्या."

"मासे?"

"नाही, माश्या. जिवंत."

तो विचारात पडला. "मासे असते तर लगेज लावलं असतं. माश्यांचं काही लिहिलेलं नाहीये." आमची दोनच तिकिटं फाडून तो पुढे गेला.

होडीत एक कोळीण रिकामी टोपली घेऊन बसली होती. "वाजव ना भाऊ एखादं गाणं!"

"आता वाजवूक जमाचा नाय," बाबा नम्रपणे म्हणाले. "आत वस्ती आसा."

बसच्या धक्क्यांनी कापूस सैल झाला असावा. दहाबारा माश्या निघाल्या आणि होडीतली सगळी माणसं एका बाजूला सरकली. होडी कलली. नावाडी शिव्या देत उभा राहिला. कोळीण मात्र जागची हलली नाही. एक माशी तिच्या बांगडीवर बसली. "चावत नाय ही! बसा रे जागेवर, बुडवाल सगल्यांना!" तिने ओरडून सगळ्यांना परत बसवलं आणि स्वतःच्या पदराचं टोक भोकावर दाबून धरलं, थेट मनोरीपर्यंत.

आत्याने तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी वाढली. तिचे यजमान, आमचे आतोबा, जेवले नाहीत. "झाडावर पेटी बांधणार? गावात तोंड दाखवायला जागा ठेवा!" तरी काथ्या त्यांनीच आणून दिला. आम्ही पेटी मोठ्या आंब्याच्या बेचक्यात बांधली, वर पत्रा टाकला, कापूस काढला. संध्याकाळपर्यंत एकही माशी बाहेर आली नाही. बाबा खोडाला कान लावून उभे होते. "मेल्या असतील तर माझ्यामुळे," एवढंच म्हणाले.

सकाळी उन्हं आली तेव्हा मोहरावर काळे ठिपके फिरत होते. बाबा बघतच राहिले. तेवढ्यात कुऱ्हाडी घेऊन दोघं आले आणि त्यांनी वर बघून विचारलं, "ही पेटी कोणाची?"

आतोबा घुटमळले. घसा साफ करून म्हणाले, "मेव्हण्यांची आहे. पाहुण्यांचं सामान उतरवल्याशिवाय झाड कसं तोडणार?"

आणि ते सामान त्यांनी कधीच उतरवू दिलं नाही.

बोरिवलीत मंडळ बाबांशी महिनाभर बोललं नाही. भजन नुसत्या टाळांवर चाललं, आणि बाबा मागे बसून गात. पेटी नसताना त्यांचा आवाज किती मोठा होता हे मला तेव्हा कळलं. त्या प्रवासातून माझ्याकडे राहिलं ते हेच.

मे महिन्यात आत्या करंडी घेऊन आली. माश्यांमुळे की त्या वर्षीच्या हवेमुळे, मी शपथेवर सांगणार नाही. सगळी चाळ दारात जमली. बाबांनी एक आंबा चोखला आणि डोळे मिटले.

"अक्का," ते म्हणाले, "आंबट आसा गो."

आणि दुसरा उचलला.