इंजिनावर चढवलेलं गाणं

वडील कानात कापूस घालून गिरणीत बसायचे, याची मला फार लाज वाटायची. सत्तरच्या दशकातली गोष्ट. वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यात होतं आणि तिकडच्याच रिठद गावात आमची पिठाची गिरणी होती. डिझेलचं इंजिन, लांब पट्टा आणि दगडाचं जातं. इंजिन सुरू करण्याआधी वडील रोज दोन बोळे तेलात जरा भिजवून कानात कोंबायचे. दळण घेऊन आलेल्या बाया पदराआड हसायच्या.

"तूबी घाल रे," ते मला म्हणायचे. "इंजीन कान खाते."

"तुमी घाला. मले नाही पाह्यजे."

मॅट्रिक झालेला पोरगा मी. कानातून कापसाची शेंडी बाहेर काढून पोरीबाळींसमोर बसू की काय, असा माझा तोरा होता.

पुढे फौजेतल्या मामाने खिशात मावणारा ट्रान्झिस्टर आणून दिला. त्याला बारीक वायर आणि एका कानात घालायचं बूच. बूच घातलं की पेटी मुकी व्हायची आणि सगळं गाणं त्या एकाच कानात उतरायचं. वडिलांशी चाललेला वाद मी तिथेच मिटवला. कान बुजवायचाच आहे ना, मग हे काय वाईट? कापूसही बुजवतो, हेही बुजवतं, वर गाणंही मिळतं. मॅट्रिकची अक्कल ती एवढीच.

इंजिन धडधडत असताना अर्ध्या आवाजात काहीच कळायचं नाही. मग आवाजाची चक्री पुरती फिरवायची. सकाळपासून संध्याकाळपर्यंत ती तशीच. एक कान ठणकायला लागला की बूच दुसऱ्यात. शेजारी उभ्या माणसाला फक्त इंजिन ऐकू यायचं, माझ्या कानात काय चाललंय ते त्याला कळणार कसं? संध्याकाळी गिरणी बंद झाली तरी कानात किर्र चालूच राहायचं. थकवा असेल म्हणून मी झोपून जायचो.

हळूहळू बायांचं बोलणं जाड ऐकू यायला लागलं. मी त्यांच्या तोंडाकडे पाहून अंदाजाने हो-नाही करायचो. एकदा एकीचा डबा मी भलत्याच दळणावर ओतला. ती माझ्या अंगावरच आली.

"गव्हावर माही ज्वारी काहून टाकली? बोंबलून सांगतलं ना तुले!"

वडिलांनी कानातला कापूस काढला, तिची माफी मागितली आणि घरची ज्वारी दळून दिली. मग माझ्याकडे वळले. "आयकू येऊन नाही राह्यलं का तुले?"

"येते ना. तीच बारीक बोलते."

गावभर ऐकू जाईल असा तिचा आवाज होता. तरी मी असं म्हणालो.

त्याच वर्षी मी टेलिफोन ऑपरेटरच्या लेखी परीक्षेत पास झालो. आता फक्त डॉक्टरी तपासणी राहिली होती. मला ती नोकरी जिवापाड हवी होती. पापण्यांवर बसणारं पीठ, डिझेलचा वास, डोक्यावर डबे घेऊन येणाऱ्यांची कटकट, सगळ्यातून एकदाचं सुटायचं होतं. वडिलांनी तर आधीच बाजारात सांगून टाकलं की पोरगा साहेब झाला.

तपासणी अकोल्याला होती. बाहेर आलेल्या पोरांनी मला सगळं फोडून सांगितलं. भिंतीकडे तोंड करायचं, एक कान बोटाने दाबायचा, डॉक्टर मागून हळू बोलतो, आपण तेच म्हणायचं. एका कानाला आकडे म्हणतो, दुसऱ्याला तुझ्या गावाचं नाव. पहिल्या कानाला मी दोन आकडे ठोकून दिले. दुसऱ्याला थांबलो. काहीच येईना. गावाचं नाव झालं असणार असं वाटलं आणि मी खणखणीत म्हणालो, "रिठद."

मग वळून पाहिलं. डॉक्टर अगदी जवळ आले आणि म्हणाले, "मी अजून काही बोललोच नव्हतो."

खिशातून लोंबणारी वायर त्यांना दिसली. कुठे ऐकतोस, किती आवाजात, सगळं त्यांनी विचारलं. मी खरं सांगितलं. "गोंगाटावर आवाज चढवायचा नसतो बाबा," ते म्हणाले. "तिथं ते काढूनच ठेवायचं. गेलेलं आता परत येत नाही." ते चिडले असते तर बरं झालं असतं.

वडील पायऱ्यांवर बसले होते. मला पाहताच उठले. "काय झालं?"

"वशिल्याचा माणूस लागला," मी म्हणालो.

त्यांनी लगेच विश्वास ठेवला. त्या भल्या डॉक्टरला गिऱ्हाइकांसमोर कित्येक वर्षं शिव्या घातल्या. मी गिरणीतच राहिलो. माझं बहिरेपण लपेनासं झालं तेव्हा मात्र त्यांनी शिव्या बंद केल्या आणि सगळा दोष स्वतःवर घेतला. दळायला आलेल्या माणसाला माझ्याकडे बोट दाखवून ते सांगायचे, "नोकरी हुकली, अन् मीच याले इथं बसवलं. मीच बहिरा केला पोराले." सांगताना त्यांचे डोळे भरून यायचे. एव्हाना मला ओठांवरून सगळं कळत होतं. ऐकणारा माणूस माझ्याकडे पाहायचा, आणि मी मान डोलावायचो.