नेहमीपेक्षा जास्त दुखतात का?

"कुलूप आणलंय ना?" साहेबांनी ड्रायव्हरला विचारलं.

ड्रायव्हरने जीपमधून कुलूप काढलं. समोर गावची पाण्याची टाकी होती. टाकीच्या व्हॉल्व्हवर पत्र्याची पेटी होती. आणि पेटीवर सरपंच शेवंताबाई बसल्या होत्या. पदर खोचलेला, डोक्यावर छत्री, उठायचं नाव नाही.

"बाई, बाजूला व्हा. पाणी खराब आहे. माणसं आजारी पडतायत."

"खराब हाय त्ये कुनी सांगितलं?"

"रिपोर्ट यायचाय. पण एवढ्या लोकांचे डोळे पिवळे झाले, आणखी काय पुरावा पाहिजे?"

"मग येऊ द्या की रिपोर्ट. मी हितंच बसते. तुमी बी बसा."

पाऊस धो धो पडत होता, बसणार कुठे? साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी जीपच्या आडोशाला लॅपटॉपची पिशवी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून उभी होते. "मॅडम, तुमच्या नकाशावर टाकी मध्यभागी आली की यांना दाखवा एकदा," ते म्हणाले.

मी संख्याशास्त्रज्ञ आहे. डॉक्टर नाही, हे आधीच सांगते, कारण या कामात मला निदान चौघांनी नाडी दाखवली. मी मूळची भोरची, नोकरी पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत. माझ्या शेजारच्या टेबलावरचा गृहस्थ बिबटे मोजतो, पलीकडची मुलगी भूकंपाचे आकडे चाळते, मी साथीचे आजार बघते. गणित तेच, गिऱ्हाईक वेगळं. वेल्हे तालुक्यात, गुंजवणी धरणाच्या वरच्या अंगाला, एका गावात तापाची साथ आली होती. ती कुठून पसरली ते शोधायला साहेबांनी मला बोलावलं होतं. साहेब आरोग्याचं काम बघणारे, स्वतः डॉक्टर, माणूस सज्जन. फक्त घाईत असायचे. गावाचं आणि त्यांचं नाव इथे सांगत नाही.

त्या टाकीत डोंगरातल्या झऱ्याचं पाणी पाइपने येत होतं. त्याआधी बायका खालच्या ओढ्यावरून हंडे आणायच्या, पावसाळ्यात शेवाळावरून घसरत. शेवंताबाईंनी त्या नळासाठी कचेऱ्यांचे उंबरे झिजवले होते. साहेब कुलूप "तात्पुरतं" म्हणत होते. पण तात्पुरती बंद झालेली योजना पुन्हा सुरू झालेली मी तरी पाहिलेली नाही. शेवंताबाईंनीही पाहिली नसावी, म्हणून तर त्या पेटीवर बसल्या होत्या.

त्यातून त्यांची सून, वैशाली, त्याच तापाने भोरच्या दवाखान्यात पडलेली. डोळे हळदीसारखे पिवळे. गावात कुणीतरी बोललंच, "सासूच्या नळानं सून पाडली." बाईंनी ते ऐकलं होतं. तरी बसल्या होत्या.

मी साहेबांना बाजूला घेतलं. "दोन दिवस द्या."

"कशाला?"

"आजारी माणसांत एकही लहान मूल नाही. म्हातारं माणूस एकच. बाकी सगळे हातीपायी धड, कामाचे. नळ काय वय विचारून पाणी देतो?"

साहेबांनी आजाऱ्यांची यादी पुन्हा चाळली. मग म्हणाले, "दोन दिवस. तोवर सगळ्यांनी पाणी उकळून प्यायचं. आणि दोन दिवसांनी मी कुलूप लावणार म्हणजे लावणार."

कामाला लागले. बरोबर गावची आशा कार्यकर्ती मंगल. प्रत्येक आजाऱ्याच्या घरी जायचं, प्रश्न विचारायचे. तेवढ्याच संख्येने धडधाकट माणसांनाही तेच प्रश्न विचारायचे. त्यांना आम्ही कंट्रोल म्हणतो. हे ऐकून साहेब फोनवर वैतागले.

"ज्यांना काही झालेलं नाही त्यांच्याकडे कशाला वेळ घालवताय?"

"साहेब, सगळे आजारी भात खातात. म्हणून भाताने आजार झाला म्हणाल का? निरोगीही भातच खातात, हे कळल्यावरच भात सुटतो."

"बरं बरं," म्हणाले आणि फोन ठेवला.

भात सुटला तसं पाणीही सुटायला लागलं. आजारी आणि निरोगी, दोघंही त्याच नळाचं पाणी पीत होते, सारखंच. मला आनंद झाला. पण पाणी नाही तर काय? माझा संशय चिखलावर होता, कारण भातलावणीचे दिवस होते. म्हणून मी विचारत होते, "शेत कुठलं? दुसऱ्याच्या शेतात मजुरीला जाता का?"

प्रत्येकाने आपापलं शेत सांगितलं. मजुरीच्या प्रश्नावर मात्र सगळे ताठ व्हायचे. एक बाई तर फणकारल्या, "आमाला काय कमी हाय का वो? आमच्यात न्हाई कुनी मजुरीला जात."

सगळी शेतं नकाशावर टाकली. एक डोंगराच्या कुशीत, एक ओढ्याकाठी, एक पार धरणाच्या बाजूला. आजार एका जागी गोळा झाला की त्याला आम्ही क्लस्टर म्हणतो. इथे क्लस्टर सोडाच, मूठभर शेंगदाणे अंगणात फेकावेत तसे ठिपके. मी लॅपटॉप फटकन मिटला. पहिला दिवस वाया.

दुसऱ्या दिवशी सकाळी जीपमधून गावात येत होते. रस्त्याच्या खालच्या भातखाचरात लावणी चालली होती. वाकलेल्या माणसांची लांबलचक रांग, पाठीवर प्लॅस्टिकचे कागद, हातात रोपांच्या मुठी. आणि त्या रांगेत कोण? कालच्या फणकारलेल्या बाई! त्यांचं शेत तर डोंगराच्या कुशीत होतं. मीच नकाशावर ठिपका दिला होता.

"थांबवा गाडी," मी ओरडले. ड्रायव्हर दचकला. मी बांधावर गेले.

"बाई, तुम्ही म्हणालात मजुरीला जात नाही!"

"न्हाईच जात."

"मग हे काय आहे?"

"ही व्हय मजुरी? ही इर्जिक हाय!" बाई कमरेवर हात ठेवून सरळ झाल्या. अख्खी रांग हसायला लागली. "आज यांचं, उद्या त्यांचं, परवा माझं. ज्याचं शेत त्यानं जेवाय घालायचं. हितं पैका कुटं आला?"

मी भोरची. इर्जिक हा शब्द मला लहानपणापासून ठाऊक. म्हणजे सगळ्यांनी मिळून पाळीपाळीने एकमेकांच्या शेतात राबायचं. ठाऊक असून माझ्या डोक्यात आलं नाही! मी मंगलकडे वळले. "तू तरी सांगायचं."

"मला वाटलं तुमाला म्हाईत हाय," ती म्हणाली. बरोबरच होतं तिचं.

मी तिथूनच साहेबांना फोन लावला. "साहेब, हे सगळे लोक एकमेकांच्या चिखलात उतरतात. दिवसभर, अनवाणी. पायांच्या बोटांत चिखल्या पडलेल्या, कातडी फाटलेली."

त्यांनी 'चिखल्या' हा शब्द पुन्हा म्हणून पाहिला. मग ते एकदम म्हणाले, "लेप्टो!"

लेप्टो म्हणजे जनावरांच्या नाहीतर उंदरांच्या लघवीतून पाण्या-चिखलात येणारा जंतू. पायाला चीर, जखम असेल तर तिथून अंगात शिरतो. ताप येतो, डोळे पिवळे होऊ शकतात, वेळेवर औषध नाही मिळालं तर मूत्रपिंडं धोक्यात. वेळेवर मिळालं तर साध्या गोळ्यांनीही बहुतेकांचं भागतं. हे सगळं साहेबांनीच मला सांगितलं. पण लगेच त्यांचा आवाज उतरला. "छे, नसेल. लेप्टोत पिंडऱ्या-पोटऱ्या भयंकर दुखतात. मी स्वतः विचारलंय, एकानेही तक्रार केली नाही."

"काय विचारलंत?"

"आणखी काही त्रास होतो का, असं."

मी तडक भोरला गेले. साहेबही दवाखान्यात आले. वैशाली डोळे मिटून पडली होती. उशाशी शेवंताबाई. पेटीवर त्यांनी दुसरीला बसवलं होतं.

"वैशाली, पिंडऱ्या दुखतात का गं?" मी विचारलं.

तिने डोळे उघडले. "लावणीत कुनाच्या दुखत न्हाईत, बाई?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी पुन्हा विचारलं. "दर साली दुखतात त्यापेक्षा जास्त?"

"लई जास्त. चादर लागली तरी जीव जातो. पन सांगायचं काय? सगळ्याच दमल्यात."

साहेबांनी तिच्या पिंडरीवर नुसतं बोट टेकवलं. ती किंचाळली. साहेब मागे सरकले आणि सरळ डॉक्टरांच्या खोलीकडे निघाले. तपासणीसाठी रक्त गेलं, आणि रिपोर्टची वाट न बघता औषध त्याच दुपारी सुरू झालं. बाकीच्या आजाऱ्यांनाही. सगळ्यांना एकच प्रश्न विचारला, नेहमीपेक्षा जास्त दुखतात का? सगळ्यांचं उत्तर एकच. एवढे दिवस सगळ्यांनी तो त्रास लावणीच्या नावावर खपवला होता!

आता खाचर शोधायचं होतं. मंगलला आणि मला गावाने देवळात बसवलं, चहा दिला आणि आठवणी सुरू झाल्या. कुणाची पाळी कधी, कोण आलं, कोण आलं नाही. आलं नाही ते सगळ्यांच्या पक्कं लक्षात! "ती माहेरला गेलती," "त्यो म्हनला पाठ धरली, पन वेल्ह्याला भेळ खाताना दिसला." इर्जिकीला दांडी मारलेली गाव विसरत नाही. माझं कामच त्यावर चालणार होतं.

गणित साधं होतं. कागदावर चार घरांची चौकट काढायची. अमुक खाचरात उतरून आजारी, उतरून निरोगी, न उतरून आजारी, न उतरून निरोगी. प्रत्येक खाचरासाठी वेगळी चौकट. लेप्टो अंगात शिरल्यावर ताप यायला साधारण आठवडा-दीड आठवडा जातो, म्हणून ताप येण्याआधीच्या तेवढ्या दिवसांतल्या पाळ्या बघायच्या. सगळ्या चौकटी सपाट निघाल्या, उतरलेले आणि न उतरलेले सारखेच आजारी. एक सोडून. त्या एका खाचरात उतरलेल्यांपैकी निम्मे आजारी. न उतरलेल्यांत फक्त एक, तो म्हातारा. आणि पाठ धरल्याचं सांगून दांडी मारलेला तो भेळवाला ठणठणीत.

साहेब म्हणाले, "म्हाताऱ्याने घोटाळा केला की तुमचा. तो कुठे लावणीला गेला?"

म्हातारबा ओसरीवर गोधडीत गुरफटून बसले होते. मी विचारलं, "आजोबा, लावणीला गेला होता का?"

"म्या? ह्या वयात? न्हाई."

"मग त्या खाचरात अजिबात पाय टाकला नाही?"

"तसं कसं? आदल्या दिशी चिखलनी कुनी केली मग? बैलं काय त्यांची ती हिंडली?"

साहेब पोट धरून हसले. मी तर नाचायचीच बाकी होते. आकडेमोडीत नको असलेला ठिपका असतो, तो बऱ्याचदा रबराने पुसावासा वाटतो. हा ठिपका स्वतःच्या पायाने चालत येऊन चौकटीत बसला.

आता अवघड भाग. ते खाचर शेवंताबाईंचं होतं. वरच्या बाजूला त्यांचा नवा सिमेंटचा गोठा. गोठा धुतला की सगळं पाणी उताराने खाचरात. ते भात असं हिरवंगार की गाव हेवा करायचं. शेवंताबाईंना वाटायचं, फुकट खत मिळतंय. इतरांचे गोठे शेतापासून लांब होते.

मी साहेबांबरोबर टाकीपाशी गेले. बाई पुन्हा पेटीवर बसल्या होत्या.

"नळ निर्दोष आहे, ताई."

त्यांनी डोळे मिटले. "मी म्हनत हुते," एवढंच म्हणाल्या.

"पण आजार तुमच्या खाचरातनं आलाय. गोठ्याच्या पाण्यातून."

गावातल्या चारचौघी ऐकत होत्या. बाईंनी छत्री मिटून बाजूला ठेवली. मग उठल्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदा पेटी मोकळी झाली.

"नळाचं न्हवतं त्ये नळावर घेतलं न्हाई," त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा म्हणाल्या. "माज्या गोठ्याचं हाय त्ये माज्यावर घेते. वैशालीला मीच उतरवलं त्या चिखलात. साहेब, काय करायचं बोला."

साहेबांनी सांगितलं. गोठ्याचं पाणी वळवायचं, त्याला झाकलेला शोषखड्डा खणायचा. लावणीला उतरणाऱ्या सगळ्यांनी गोळ्या घ्यायच्या, पाय धुवायचे, चिखल्यांना औषध लावायचं. जनावरांचंही रक्त तपासून घ्यायचं.

"खड्डा एकट्या घरानं कवा व्हायचा?" बाई पुटपुटल्या.

त्याच फणकारलेल्या बाई पुढे आल्या. "एकट्या घरानं कशापाई? इर्जिक घालू. जेवाय काय करता त्ये सांगा."

दुसऱ्या दिवशी गोठ्यामागे अर्धं गाव जमलं. कुदळी, फावडी, पाट्या, पायांत मिळतील तसले बूट. भेळवाला सगळ्यांच्या आधी हजर, त्याला कुणी सोडणारच नव्हतं. दुपारी तांदळाच्या भाकरी आणि वाटाण्याची झणझणीत आमटी. संध्याकाळी गोठ्याचं पाणी खड्ड्यात गेलं आणि पोरांनी टाळ्या पिटल्या.

रक्ताचा रिपोर्ट आला, लेप्टोच. पाण्याचा आला, तो चांगला. गोळ्या सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत नवे ताप थांबले. म्हातारबा ओसरीवरून उठून बैलांकडे गेले. वैशाली घरी आली तेव्हा साहेब मुद्दाम आले होते. शेवंताबाईंनी नळाखाली तांब्या भरला आणि त्यांच्यासमोर धरला. साहेब घटाघटा पाणी प्याले, मग त्यांनी ड्रायव्हरला हाक मारली. "ते कुलूप आपल्या गोडाऊनला लाव रे. तिथलं तुटलंय."

यातून मी काय शिकले? दुखतं का, हा प्रश्नच नव्हे. कष्टकरी माणसाला रोजच काहीतरी दुखतं आणि तो ते सांगत नाही. कशापेक्षा जास्त, हे विचारलं तर आकड्याला अर्थ येतो. आमच्या शास्त्राची भली जाडजूड पुस्तकं शेवटी एवढंच सांगतात.

त्यानंतर आठवडाभर माझ्याही पिंडऱ्या दुखत होत्या. नेहमीपेक्षा कितीतरी जास्त. हे कळल्यावर साहेबांनी घाबरून फोन केला, रक्त तपासून घ्या म्हणाले. मी म्हटलं, काही नको. खड्डा खणायला मी पण उतरले होते.