हिराबाईंच्या दारातली गर्दी

गंगापूर रोडनं नाशिकबाहेर पडलं की आमचं संग्रहालय लागतं. मोकळ्या आवारात खेड्यातली जुनी घरं जशीच्या तशी उभी केलीत. मी तिथली गाइड. दुपारी डबे उघडले की भाजीच्या आधी किस्से बाहेर येतात. माझे सगळे किस्से मात्र एकाच बाईचे. हिराबाईंचे!

हिराबाई पेठकडच्या. कुडाच्या घरात बसून जात्यावर नागली दळून दाखवायची, एवढंच त्यांचं काम. मी एम.ए., तीन भाषांत टूर देते. पहिल्याच रविवारी माझा अख्खा ग्रुप त्यांच्या दारात जाऊन बसला. उरलेल्या एकाला मी विणकराचा माग समजावत होते. शेवटी तो म्हणाला, "मॅडम, मी बसचा ड्रायव्हर. सावलीला थांबलोय!"

*

शाळेची सहल आली. मी सांगितलं, "कारवीच्या कुडावरचा हा लेप उष्णतारोधक असतो." पोरं जांभया द्यायला लागली.

एका मुलीनं हिराबाईंना विचारलं, "म्हणजे काय?"

"उन्हाळ्यात घर तापत नाय, पोरी."

टाळ्या! अहो, मी वेगळं काय सांगितलं होतं?

*

अभिप्रायाची वही मी चोरून वाचायचे. पानोपानी 'हिराबाई बेस्ट!' माझा उल्लेख एकदाच सापडला: 'गाइड मॅडममुळे टॉयलेट लगेच मिळालं.'

*

एकदा मात्र मी हद्द केली. पुण्याच्या ग्रुपला ठोकून दिलं, "ते घर आज बंद आहे. सारवण चाललंय."

तेवढ्यात आतून जात्याची घरघर! सगळे माझ्याकडे बघायला लागले.

संध्याकाळी तिकडून जाताना बघते तर जमीन ओली. हिराबाई हात धूत होत्या. "सारवून टाकलं, ताई. तुमी लोकांना सांगितलं व्हतं ना!"

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. मला तर आणखीच राग आला.

*

गेल्या महिन्यात आईला घेऊन आले. ती वणीजवळच्या खेड्यातली, पण लग्नापासून नाशकातच. तिला मी माझी बेस्ट टूर दिली. ती नुसतं "हं, हं" करत होती.

कुडाच्या घरात शिरली आणि पदर खोचून सरळ हिराबाईंच्या समोर बसली. दोघींनी जात्याचा खुंटा धरला. आणि आई गायला लागली! ओवीमागून ओवी. आजोळ आलं, बाबा आले, एका ओवीत चक्क माझं नाव आलं. हिराबाई तिच्या सुरात सूर मिसळत होत्या, जशा काही लहानपणापासूनच्या मैत्रिणी.

मी दारात खिळून उभी. मागून कुणीतरी म्हणालं, "मॅडम, जरा बाजूला व्हा ना, व्हिडिओत येताय!"

परतताना गाडीत राहवेना. "आई, इतक्या वर्षांत मला एक ओवी ऐकवली नाहीस. आणि तिला मात्र..."

आई खिडकीबाहेर बघत होती.

"दळताना समोर कुणीतरी बसावं लागतं गं."