दादाच्या मखरात माझे दिवे

चतुर्थीला आठ दिवस होते तेव्हा वहिनीचा फोन आला. "भावोजी, यंदा मखर तुमकाच करूक व्हया," एवढंच ती म्हणाली. डिचोलीच्या माझ्या दुकानात एक कंत्राटदार टाइल्सच्या दरावरून माझ्याशी घासाघीस करत होता. हातातला सौदा मी कधी अर्ध्यावर सोडत नाही. त्या दिवशी सोडला आणि बाहेर पायरीवर जाऊन बसलो.

आमचा गणपती एकच. तो पेडण्याच्या मूळ घरात, थोरल्या भावाकडे. मखरही त्याचंच. दादा शाळेत चित्रकला शिकवायचा. पोफळीच्या विऱ्या म्हणजे झावळीचे रुंद, वाळके देठ, भाताचा पेंढा, शेवग्याच्या शेंगा, असल्या वस्तूंतून तो मखर उभं करायचा आणि आजूबाजूच्या वाड्यांवरची माणसं ते बघायला यायची. मी दरवर्षी बायकोमुलांना घेऊन जात असे. नारळ, फळं, करंज्यांचं सामान, सगळं गाडीभर नेत असे. मखराला मात्र माझा हात लागत नसे. गणपतीच्या डोक्यावर फळं-भाज्या टांगतात त्या माटोळीची दोरी ताण, स्टूल धर, एवढंच माझं काम.

याला कारण होतं. खाणीच्या ट्रकवर क्लीनर म्हणून लागलो त्या वर्षी पहिल्या पगारातून मी रंगीत बल्बांची एक माळ नेली होती. दादाच्या मखरावर ती लावली आणि आंघोळीला गेलो. परत येतो तर माळ नाही. दादानं ती काढून गोठ्याच्या दारावर टांगली होती. पाहुणे बसलेले. तो हसून म्हणाला, "ह्या बाजारी काम. हय शोभना नाय." त्या वर्षी आमच्या म्हशीनं दिव्यांच्या रोषणाईत सण केला. सगळे हसले. मीही हसलो, पण तेव्हापासून ते माझ्या पोटात राहिलं ते राहिलंच. पुढे ड्रायव्हर झालो, दोन ट्रक घेतले, खाणी बंद पडल्यावर ते विकून दुकान टाकलं. घर बांधलं, गाडी घेतली. दादा घर बघायला आला, सगळीकडे फिरला आणि म्हणाला, "जागा मोठी आसा." चांगलं आहे, असं म्हणाला नाही. माझ्या कुठल्याच गोष्टीला तो कधी चांगलं म्हणाला नाही.

चैत्रात त्याला झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. घशातून एक आवाज निघतो, डावा हात हलतो, बाकी सगळं वहिनीच्या हातात. तो माणूस आता मखर करणार नव्हता आणि त्याच्या जागी मला बोलावणं आलं होतं. खोटं कशाला लिहू, पायरीवर बसून मला आधी वाईट वाटलं आणि लगेच दुसरं वाटलं ते असं, की यंदा माझं मखर दादा समोर बसून बघणार. चांगलं झालं एवढं त्याच्याकडून मला हवं होतं. तोंडानं नाही तर निदान डोळ्यांनी.

विऱ्या नि पेंढा हे माझ्या हाताला जमणारं काम नव्हतं. मी दिव्यांची पट्टी घ्यायचं ठरवलं. हल्ली डिचोलीत अर्ध्या घरांच्या गॅलऱ्यांवर असते तसली, रबरासारखी वाकणारी, आतला प्रत्येक दिवा हवा तो रंग धरणारी. दुकानदार कोल्हापूरकडचा. त्यानं नवं कोरं रीळ काढलं. मी कोपऱ्यातल्या पेटीत पडलेले दोन उरलेले तुकडे बघून ठेवले होते. दोन्ही मिळून तेवढीच लांबी होत होती. अर्धा तास मी त्याला हैराण केलं.

"काका, तुकडे घेताय तर जोडून मी देतो," तो म्हणाला. "ह्यात तीन वायरी. दोन करंटच्या, मधली निरोपाची. पहिला दिवा आपला निरोप घेतो, उरलेला पुढच्याला देतो, असं शेवटपर्यंत. निरोप एकाच बाजूनं जातोय. पट्टीवर बाण असतोय, तो बघून जोडायचं."

"जोडायचे किती घेणार?"

त्यानं सांगितलं. मी म्हणालो, "अरे, मी ट्रकची वायरिंग करत होतो तेव्हा तू शाळेत पण नसशील. सोल्डर आहे माझ्याकडे."

"मग बाण तेवढा बघा."

विकणारा जे सांगतो त्यातलं निम्मं त्याच्या फायद्याचं असतं, असं धरून मी चालतो. कुठलं निम्मं, ते मी ठरवतो. बाणाची गोष्ट मी त्या निम्म्यात टाकली.

तयेच्या दिवशी, म्हणजे चतुर्थीच्या आदल्या दिवशी, सकाळीच पेडण्याला पोचलो. आमच्या घरी गणपती तयेच्या संध्याकाळी मूर्तिकाराच्या शाळेतून आणतात आणि थेट मखरात बसवतात. एकदा बसला की विसर्जनापर्यंत मखराच्या काडीलाही कोणी हात लावायचा नाही. काही चुकलं तर चुकलेलं पाच दिवस सगळ्यांनी बघायचं. त्यामुळे माझ्या हातात एक दिवस होता.

वहिनीनं दादाची खाट मखराच्या खोलीत दारापाशी आणून ठेवली होती. उशांना टेकवून त्याला बसवलं होतं. मी बांबूची कमान केली, पांढरं कापड ताणलं आणि कमानीच्या कडेनं उजव्या खांबाच्या पायापासून पट्टी बांधत वर नेली. शेंड्यावर दोन तुकड्यांचा सांधा आला. दुसऱ्या तुकड्याची लाल आणि काळी खूण उलटसुलट येत होती. मी छोट्या वायरी घेऊन त्या एकमेकींवरून ओलांडल्या, लालला लाल, काळीला काळी लावली, मधलीला मधली. ट्रकमध्ये एवढं पुरतं. त्या ओलांडलेल्या वायरींनीच मला थांबवायला हवं होतं, पण मी स्वतःवर खूश होतो.

जेवणं झाल्यावर बटण दाबलं. उजवा खांब पेटला, रंग सरसर वर चढला आणि शेंड्यावर थांबला. डावी बाजू काळीठिक्कर.

मी सांधा हलवला. पुन्हा सोल्डर मारला. ॲडॅप्टर बदलला. बटण पुन्हा पुन्हा दाबलं. प्रत्येक वेळी रंग शेंड्यापर्यंत धावत यायचा आणि तिथेच संपायचा. बाहेर पाऊस लागला होता, खोलीत अंधारून आलं होतं, त्यामुळे ती काळी बाजू आणखीच दिसत होती. शेजारच्या घरातल्या बायका माटोळीला बांधायची सुपारी घेऊन आल्या. एक म्हणाली, "ह्या अर्धाच पेटता मगे?" दुसरी म्हणाली, "गे, फॅशन आसतली."

तेवढ्यात दादाचा आवाज आला. घशातला तो एकच आवाज. मी वळून बघितलं. त्याचा डावा हात वर झाला होता आणि हवेत आडवा फिरत होता, एकीकडून दुसरीकडे. पुसून टाकल्यासारखा. पुन्हा आवाज, पुन्हा तसाच हात. मी स्टुलावर चढलो तरी हात चालूच. बायका त्याच्याकडे आणि मग माझ्याकडे बघू लागल्या.

मला एकच अर्थ दिसला. काढ ते. शोभत नाही.

"दादा, तू आतातरी गप रव!" मी ओरडलो. "तीस वर्षां तुजाच आयकलां! काढ म्हणतस? काढतंय! खंय लावू सांग, गोठ्यात लावू?"

ओरडून झाल्यावर मला माझे शब्द ऐकू आले. दादाचा हात खाली आला. त्याची नजर माझ्यावरून हलेना. बायका सुपारी ठेवून निघून गेल्या.

वहिनी स्वयंपाकघरातून आली होती. ती आवाज न चढवता म्हणाली, "गप तर ते चैत्रापासून आसत, भावोजी. आणखी किती गप करतलात?"

मी स्टुलावर तसाच बसून राहिलो. मखर मोडावं आणि डिचोलीला निघून जावं, असंही वाटलं, पण संध्याकाळी गणपती येणार होता आणि कापडाशिवाय, दिव्याशिवाय त्याला बसवायचं कुठं? काही तरी करायचं म्हणून मी चष्मा लावून पट्टी पायापासून हातानं चाचपत वर गेलो. तेव्हा बाण दिसले. भाताच्या दाण्याएवढे, प्रत्येक दिव्याशेजारी एक. उजव्या खांबावरचे वर जाणारे. शेंड्यावर आलो. सांध्यापलीकडचे बाण उलट, माझ्याच तोंडावर येणारे. दुसऱ्या तुकड्याची शेपटी मी त्याचं तोंड समजून जोडली होती. करंट पोचत होता, पण निरोप शेवटच्या दिव्याच्या पाठीवर जाऊन आपटत होता.

तुकडा सोडवून फिरवायला आणि पुन्हा जोडायला तासभर लागला. बटण दाबलं. रंग उजव्या खांबानं चढला, शेंडा ओलांडून डावीकडे उतरला आणि पायापर्यंत गेला.

मग माझ्या ध्यानात आलं. दादाचा हात एकीकडून दुसरीकडे फिरत होता. शेंड्याकडेच. चित्रकलेचा मास्तर, नजर अजून शाबूत. खाटेवरून त्याला बाण दिसणं शक्य नव्हतं, पण तुकडा उलट आहे, फिरव, हे त्याला रंगाच्या अडण्यावरून कळलं नसेल कशावरून?

मी त्याच्या खाटेपाशी जाऊन खाली बसलो. "दादा, ह्याच दाखवत होतस मरे? फिरव म्हणून?"

त्यानं हात उचलला आणि तसाच आडवा फिरवला.

"होय म्हणतस की काढ म्हणतस?"

पुन्हा तसाच.

मी वहिनीकडे बघितलं. ती म्हणाली, "पाणी व्हया झाला तरी ह्याच करतत. पंखो बंद करूक सांगतत तरी ह्याच. मी आपला एकेक करून बघतंय. खंयचातरी एक बरोबर लागता."

माझा सगळा धंदा समोरच्याच्या तोंडावर चालतो. गिऱ्हाईक भाव ऐकून आधी बायकोकडे बघतं की छताकडे, यावरून ते घेणार की जाणार हे मी सांगतो आणि सहसा चुकत नाही. दादाच्या तोंडासमोर मी पावसात खिडकीबाहेर बघावं तसा बसलो होतो. काही दिसत होतं, पण काय ते कळत नव्हतं.

शेवटी वहिनीसारखंच करायचं ठरवलं. पट्टीच्या रिमोटवर ढीगभर रंग आणि चाली होत्या. मी एकेक दाबू लागलो. धावणारा लाल. हात फिरला. निळा, हिरवा, लुकलुकणारा. हात फिरला. इंद्रधनुष्याचे सगळे रंग एकदम. आवाज आला, हात जोरात फिरला. मी साडीच्या दुकानातल्या नोकरासारखा एकावर एक उलगडत गेलो आणि तो नको नको म्हणत गेला, किंवा पुढचं दाखव म्हणत गेला, किंवा पाणी मागत गेला. वहिनीनं मध्येच पाणी पाजलं. त्यानं दोन घोट घेतले आणि हात पुन्हा वर केला.

एका बटणावर पट्टी सगळी एकसारखी, न हलणारी, फिकट पिवळी झाली. जवळजवळ विरीचा रंग. दादाचा हात उचलला गेला नाही.

मी थांबलो. खात्री करावी म्हणून मागचं बटण दाबलं, निळा आला. तरीही हात हलला नाही. पुन्हा पिवळा केला. तो मखराकडेच बघत होता. मग त्याच्या पापण्या हळूहळू खाली आल्या.

"दादा निजलो?" मी विचारलं.

"दमले," वहिनी म्हणाली. "नायतर त्यांका ह्या बरा दिसला असतला."

अंगणात घुमट वाजवल्याचा आवाज आला, माणसं गणपती घेऊन फाटकात पोचली होती. वहिनी ओवाळायला धावली. मी रिमोट खिशात टाकला आणि पाट पुसायला घेतला. गणपती बसला, आणि त्यानंतर कशालाच हात लावायचा प्रश्न नव्हता.

पाच दिवस माणसं आली. यंदाचं मखर वेगळं आहे, उजेड चांगला साधला आहे, असं बरेच जण म्हणाले. प्रत्येकाला मी सांगितलं, दिवे मी आणले, पण रंग दादानं पसंत केला. सांगताना दर वेळी मी दादाच्या तोंडाकडे बघत असे.