तिसऱ्या बाटलीतलं पाणी

नोकरीच्या शेवटच्या वर्षी मी सरकारी कागदांवर दोन खोट्या गोष्टी लिहिल्या. त्यापायी एका माणसाचं काम गेलं आणि गावात त्याला मान खाली घालून राहावं लागलं. तो माणूस अजून हयात आहे, मीही आहे, म्हणून हे लिहितो आहे.

मी तळेगावचा. पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत होतो. त्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर लोणावळ्याकडून येणारा एक टँकर कार्ल्याजवळ जुन्या हायवेवरून ओढ्यात कलंडला. त्यात फिनॉल नावाचं विषारी रसायन होतं. दुपारपर्यंत ओढ्यात मासे पोट वर करून तरंगायला लागले. खालच्या बाजूला एका गावाची विहीर अगदी ओढ्याला लागून होती. ती उपसून बंद केली आणि गावाला बाहेरून पाणी सुरू झालं.

माझं काम रोज तीन बाटल्या भरण्याचं. पहिली टँकर पडला त्याच्या वरच्या अंगाला, दुसरी पुलाखाली आणि तिसरी विहिरीलगतच्या डोहात. विहिरीत झिरपतं ते त्या डोहाचंच पाणी. लागोपाठ दोन दिवस तिसरी बाटली स्वच्छ निघाली की विहीर उघडायची, असं ठरलं होतं.

डोहाकडे वाट भाताच्या बांधांवरून जायची. गावाला पाणी सोडणारा माणूस रोज माझी बर्फाची पेटी खांद्यावर घेऊन पुढे चालायचा. व्हॉल्व्ह फिरवायचे, विहिरीत टीसीएलची, म्हणजे क्लोरीनची, पावडर टाकायची, ही त्याची कामं. मी त्यांना भाऊ म्हणायचो. ते मला चिडवायचे, "सायेब, बुटं काढा. न्हाईतर बाटली स्वच्छ निघंल आन् तुमीच गढूळ व्हाल."

आठ-दहा दिवस तिसऱ्या बाटलीचं पाणी चाचणीत तांबूस व्हायचं. तांबूस म्हणजे फिनॉल आहे. मग एक दिवस रंग आला नाही. गावातून फोन, वरून फोन. दिवाळीला घरात नळाचं पाणी हवं, एवढंच लोकांचं मागणं होतं आणि ते चूक नव्हतं. आणखी एक स्वच्छ बाटली हवी होती.

त्या रात्री परतीचा पाऊस झाला. आदल्या दिवशीच मी बांधावरून घसरलो होतो, गुडघा सुजला होता. पहिल्या दोन बाटल्या भरून झाल्यावर ड्रायव्हर म्हणाला, "साहेब, चार वाजेपर्यंत लॅबला पोचायचंय." रस्त्याकडेला, जिथे डोंगरातला एक स्वच्छ ओहोळ ओढ्याला मिळतो, तिथे मी खाली वाकलो आणि तिसरी बाटली भरली. चिठ्ठीवर लिहिलं, डोह. ओढा तोच आहे, काल स्वच्छ निघालंच होतं, असं मी स्वतःला सांगितलं. ते पाणी बहुतेक ओहोळाचंच होतं, हे मला कळत होतं.

संध्याकाळी भाऊंचा फोन आला. "सायेब, आज आला न्हाई का? मी सकाळपास्नं डोहावर बसलोय."

"येऊन गेलो. लवकर आलो होतो."

"बरं," ते एवढंच म्हणाले.

चाचणीत रंग आला नाही, त्याच संध्याकाळी विहीर उघडली. भाऊंनी नेहमीसारखी टीसीएल टाकली, टाकी भरली, पाणी सोडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा फोन. "पाण्याला लय वास मारतोय. दवाखान्यात येतो तसला. पोरं वकायला लागल्यात."

फिनॉल अगदी थोडं असलं तरी क्लोरीनशी मिळून असाच वास देतं. आमच्या धंद्यातल्या माणसाला ते विचारावं लागत नाही. मी तडक गेलो, यावेळी गुडघ्याचा विचार केला नाही. डोहातली बाटली घेतली. रंग तांबूस आला.

विहीर मी त्याच दिवशी बंद करायला लावली. तेवढं केलं. पण बंद का, ते कागदावर लिहायचं होतं. आदल्या दिवशीची बाटली स्वच्छ आणि आज तांबूस, हे लिहिलं असतं तर पहिला प्रश्न मला विचारला गेला असता. मी ती चाचणी वहीत चढवलीच नाही. लिहिलं, 'क्लोरीनचं प्रमाण जादा. खबरदारी म्हणून विहीर आठवडाभर बंद ठेवावी.'

क्लोरीन टाकणारा गावात एकच माणूस होता.

पोरं दोन दिवसांत बरी झाली. पुढे काही उरलं का, ते मी कधी विचारलं नाही. आठवड्याने ग्रामसभा झाली. मलाही बोलावलं होतं. भाऊ उभे राहून म्हणाले, "मी रोजच्यावानी पावडरीचा एकच डबा टाकला. आन् त्या दिशी सायेब डोहावर आलेच न्हाईत."

मागून कोणी तरी म्हणालं, "डबा मोजला व्हता का देशीची बाटली?" लोक हसले.

सरपंचांनी मला विचारलं, "साहेब, तुम्ही गेला होता ना?"

भाऊ माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, "सगळं अहवालात आहे."

त्यांना कामावरून काढल्याचा ठराव माझ्यासमोर झाला. कारण, निष्काळजीपणा. त्यानंतर मी निवृत्त झालो. लोणावळ्याला जाताना गाडीतून ते गाव आलं की मी दुसऱ्या खिडकीकडे तोंड करायचो. अशी बारा वर्षं गेली.

यंदा उन्हाळ्यात मी तिथे उतरलो. भाऊ कार्ल्याच्या लेण्यांच्या पायथ्याला मक्याची कणसं भाजून विकतात. केस पांढरे झालेत. त्यांनी ओळखलं, पण बसा म्हणाले नाहीत. मी सगळं सांगितलं. बाटली कुठे भरली, क्लोरीन का लिहिलं. ते कणीस फिरवत राहिले.

"हे मला काय सांगता? मी दिवसभर डोहावरच व्हतो की. मला ठाव हाय." मग म्हणाले, "माझी म्हातारी आय गेली ते मला डबा मोजता येत न्हाई असं समजून. गावाला सांगा."

मे महिन्यातल्या ग्रामसभेत मी लिहून नेलेला कागद वाचला. खाली सही केली होती. पुढे बसलेली एक बाई म्हणाली, "माझा पोरगा दोन दिवस वकत व्हता. तवा कुटं गेलतं हे समदं?" मी माफी मागितली, तिने मान फिरवली.

एक जण म्हणाला, "जाऊ द्या आता, जुनं झालं."

भाऊ उठले. "जुनं झालं तर त्या ठरावात माझं नाव कशापायी ठिवलंय?"

ग्रामसेवकांनी जुनं रजिस्टर मागवलं. त्यातला ठराव खोडता येत नाही, नवा करावा लागतो, असं त्यांनी समजावून सांगितलं. मग नवा लिहिला. पहिला ठराव रद्द, माणूस निर्दोष, विहिरीचं पाणी न तपासता स्वच्छ ठरवलं गेलं. कोणी ठरवलं ते लिहिताना ते अडखळले. मी माझं नाव आणि हुद्दा सांगितला. हात वर झाले. सगळे नव्हते, पण पुरेसे होते.

ग्रामसेवकांनी ठराव वाचून दाखवला. भाऊ उभेच होते.

"मागं ऐकू गेलं न्हाई," ते म्हणाले. "परत वाचा."